234 किलोहर्ट्झवरचं मराठी

अलिबागजवळ नागावला मामांच्या ओटीवर एक पितळी घड्याळ आहे. त्याच्या तबकडीवर दोन लाल पाचरी रंगवलेल्या आहेत. मिनिटकाटा तीनवर आला की पुढची तीन मिनिटं लाल, आणि नऊवर आला की पुढची तीन मिनिटं लाल. लहानपणी विचारलं की मामा म्हणायचे, "ती गप्प बसायची वेळ." आम्हा पोरांना वाटायचं, ते आपल्यासाठीच रंगवून घेतलंय.

मामा बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. 500 किलोहर्ट्झवर समुद्रावरचं मोर्स चालायचं, आणि संकटात सापडलेली बोट हाक मारायची तीही तिथेच. म्हणून दर तासाला 15 ते 18 आणि 45 ते 48 या मिनिटांत तिथे कुणी काही पाठवायचं नाही, नुसतं ऐकायचं, असा जगभरचा नियम होता. 1 फेब्रुवारी 1999 ला उपग्रहांवर बेतलेली नवी व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि मामांची जागाच बोटीवरून गेली. घड्याळ घरी आलं.

माझ्याकडे हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स बरीच वर्षं आहे. 7 मेगाहर्ट्झवर सकाळी गप्पा, 14 वर कधीतरी परदेशी स्टेशन, बाकी गावातल्या गावात व्हीएचएफ. मीडियम वेव्हच्या खाली मी कधी डोकावलोच नव्हतो. 2019 च्या दिवाळीत नागावला गेलो असताना सहज विचारलं, "मामा, 500 वर आता काय असतं?"

"काही नाही. स्मशान. पण आजूबाजूला असेल अजून. विमानतळांचे बीकन असतील, बोटींना लेखी इशारे पाठवणारं नॅव्हटेक्स असेल. अगदी तळाला पाणबुड्यांसाठीचं."

"ते ऐकायला रिसीव्हर कोणता घ्यावा?"

"तुला ऐकायचंय काय?"

"सगळं."

मामा हसले. "सगळं ऐकणारा सेट आमच्या बोटीवर होता. 15 किलोहर्ट्झपासून वर. पैसे कंपनीने भरले होते आणि उचलायला दोन माणसं लागायची."

मामांचा तो प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला. पुढची दीड वर्षं आणि बरेच पैसे खर्च करून पुन्हा त्याच प्रश्नापाशी आलो.

पुण्याला परतल्यावर पहिलं काम मात्र बरं केलं, आणि ते फुकट होतं. नेदरलँड्समध्ये एन्स्खेडेला ट्वेन्टे विद्यापीठाचा एक रिसीव्हर इंटरनेटवर कुणालाही वापरता येतो. जवळजवळ शून्यापासून 29 मेगाहर्ट्झपर्यंत. आठवडाभर रोज रात्री त्यावर बसलो. 77.5 किलोहर्ट्झवर फ्रँकफर्टजवळच्या डीसीएफ77 ची टिकटिक ऐकली. हे स्टेशन दर सेकंदाला आपली ताकद क्षणभर कमी करतं आणि त्या खाचांच्या लांबीतून युरोपभरच्या घड्याळांना वेळ कळते. 198 वर बीबीसी. तीनशेच्या आसपास विमानतळांचे बीकन. नॅव्हटेक्सचा चिरका आवाज एकदा कानात बसला की विसरत नाही, पूर्वीच्या मोडेमसारखा, फक्त सावकाश. कुठला आवाज कशाचा हे आधी कानाला शिकवून ठेवलं ते पुढे फार उपयोगी पडलं. नाहीतर पुढच्या गोंधळात मी काय ऐकतोय हेच मला कळलं नसतं.

आणि एक चूकही तिथेच केली. त्या विद्यापीठाच्या छपरावरचा अँटेना म्हणजे हातभरसुद्धा लांबीचा नसलेला तुकडा आणि त्याच्या बुडाला एक अॅम्प्लिफायर, ज्याला मिनी-व्हिप म्हणतात तो. मी म्हटलं, वा, फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला आणखी काय हवं?

पहिली खरेदी म्हणजे एक हातात मावणारा रेडिओ. लाँगवेव्ह 150 ते 450 किलोहर्ट्झ, एसएसबी (म्हणजे लहरीची एकच बाजू ऐकायची सोय) आहे, किंमत आवाक्यातली. कोथरूडच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकीत तो सुरू केला आणि 150 पासून 450 पर्यंत एकच आवाज आला: गिरणीत ज्वारी दळायला टाकल्यासारखा. रेडिओ बिघडलाय असं वाटून मी तो घेऊन गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीच्या पलीकडच्या कोपऱ्यात गिरणी जरा लांब गेली आणि तिच्यामागून अगदी बारीक, पण नक्की, मोर्समधली दोन अक्षरं आली. मध्ये थोडं थांबून पुन्हा तीच दोन. पुन्हा तीच.

विमानतळांच्या या बीकनचं काम एवढंच. स्वतःचं नाव सांगत राहायचं. वैमानिकासमोरच्या यंत्राचा काटा त्या दिशेला वळतो. नाव वाजतं ते साधारण 1020 हर्ट्झच्या सुरात, मुख्य लहरीच्या दोन्ही बाजूंना. याचा रिसीव्हरच्या निवडीशी थेट संबंध आहे, म्हणून सांगतो. बीकन 310 ला असेल तर ऐकायचं ते 311.02 ला, एसएसबीवर, आणि तेही शक्य तितक्या अरुंद फिल्टरमधून, म्हणजे शेजारच्या बीकनची शिट्टी आत येत नाही. माझ्या त्या रेडिओचा सर्वांत अरुंद फिल्टर गाणी ऐकायला ठीक होता. मोर्सच्या दोन अक्षरांसाठी तो म्हणजे चाळणीने चहा गाळण्याऐवजी टोपलीने गाळणं.

दुसरी खरेदी म्हणजे संगणकाला लावायचं पेनड्राइव्हएवढं एसडीआर, सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ. खोक्यावर 'एचएफसहित', म्हणजे खालचे पट्टेही धरून, असं होतं. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण खोटं असं ते काहीच बोलले नव्हते. खोक्यावरचं मी वाचलं, आतलं नाही वाचलं. असल्या स्वस्त डाँगलमध्ये खालच्या पट्ट्यासाठी सिग्नल सरळ आतल्या चिपला देतात. मध्ये काही गाळणी नाही, काही नाही. 500 किलोहर्ट्झच्या खाली तो जवळजवळ बहिरा असतो. आणि वर जे ऐकू येतं त्यातलं बरंच दुसरीकडचं, दुमडून आलेलं.

हे कळायच्या आत मी मिनी-व्हिपही घेतला होता. बाल्कनीच्या ग्रिलला बांधला, डाँगलला जोडला, आणि एका रात्री 234 किलोहर्ट्झवर मराठी ऐकू आलं.

अंगावर काटा आला. लाँगवेव्हवर मराठी! भारतात लाँगवेव्हवर रेडिओ कार्यक्रम होत नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. पण समोर पडद्यावर, वॉटरफॉल म्हणतात त्या सरकत्या आलेखावर, ठसठशीत रेघ होती आणि हेडफोनमध्ये एक बाई शेतकऱ्यांना काहीतरी सांगत होती. तिच्याच मागे कुणीतरी नाट्यगीत गात होतं. दोन्ही एकदम. दहाएक मिनिटं मी आपण काहीतरी शोध लावल्याच्या आनंदात होतो. मग नाट्यगीतामुळे शंका आली. एका स्टेशनवर दोन कार्यक्रम कसे?

कागद घेतला. आकाशवाणी पुणे 792. मुंबईची अस्मिता वाहिनी 558. वजाबाकी केली: 234.

पुण्याचं केंद्र घराजवळचं, आवाज दांडगा. मुंबईचंही बऱ्यापैकी येतं. मिनी-व्हिपच्या अॅम्प्लिफायरला ती दोन्ही झेपत नव्हती आणि तो त्यांची आपसात वजाबाकी करून माझ्यापुढे वाढत होता. मुंबईचीच संवादिता 1044 वर. त्यातून 792 गेले की 252. तिथे गेलो तर तिथेही एक भूत बसलेलं. मला हवे असलेले बीकन या भुतांच्या खाली दबून गेले होते.

त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की दुकानदारांना मी चुकीचा प्रश्न विचारत होतो. मी विचारत होतो, हा सेट किती खालपर्यंत जातो. विचारायला हवं होतं की वरचं किती अडवतो. खाली जाणं सोपं आहे, आकडा छापायला काय लागतं? पण मीडियम वेव्हचा 100 किलोवॅटचा ट्रान्समीटर शहरातच असताना 300 किलोहर्ट्झवरची कुजबुज ऐकायची, तर दाराशी कुणीतरी उभं हवं.

तपकीर गल्लीत जाऊन कॉइल आणि कपॅसिटर आणले आणि एका रविवारी लो-पास फिल्टर जोडला, 500 च्या वरचं दाबून टाकणारा. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवला. आमच्या हिनं विचारलं, डब्यातली बिस्किटं कुठे गेली? तो वेगळा विषय. पण फिल्टर लावला आणि 234 वरचं मराठी मेलं. खरं सांगायचं तर थोडं वाईट वाटलं.

भुतं गेली तरी गिरणी होतीच.

ही गिरणी म्हणजे आपल्या घरातली वीज. एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर, इन्व्हर्टर, लिफ्टची मोटर. ही सगळी विजेचे हजारो बारीक तुकडे करून वापरतात, आणि त्या तुकड्यांचा कचरा नेमका याच पट्ट्यात पडतो. मी घरातलं एकेक उपकरण बंद करत गेलो. शेवटी फक्त फ्रिज आणि देवघरातला झिरोचा बल्ब उरला. निम्मा आवाज गेला. उरलेला कुठून येतो ते शोधायला एक जुना खिशातला मीडियम वेव्ह रेडिओ घेऊन जिन्यात फिरलो. तो भिंतीच्या जवळ नेला की कुठल्या भिंतीत खरखर जास्त आहे ते कळतं. शेजारच्या काकूंच्या पॅसेजमधल्या दिव्यापाशी तो किंचाळला. दुसऱ्या दिवशी मी काकूंना चांगला बल्ब आणून दिला आणि स्वतः बसवूनही दिला. मग वरच्या मजल्यावर एक. खालच्या मजल्यावर दोन. महिन्याभरात सोसायटीत बातमी पसरली की याने बल्बची एजन्सी घेतली आहे.

हे चालू असताना मोठ्या सेटचा विचार मनात होताच. सदाशिव पेठेत एका ज्येष्ठ हॅमकडे आयकॉमचा आर75 आहे. 30 किलोहर्ट्झपासून 60 मेगाहर्ट्झपर्यंत, टेबलावर ठेवायचा, खरी गोल फिरणारी खुंटी. त्यांनी मनापासून सांगितलं, "घरी येऊन बस, हवं तितकं ऐक." दोन संध्याकाळी गेलो. अरुंद फिल्टर लावून 311 च्या आसपास खुंटी सावकाश फिरवायची, आणि खर्रखर्रमधून एकेक बीकन वर यायचा, क्षणभर थांबायचा, मागे जायचा. त्याचा आवाज कानाला फार गोड लागतो. संगणकातून येणाऱ्या आवाजापेक्षा किती तरी शांत. आजही कुणी विचारलं की ऐकायचा आनंद कशात जास्त, तर मी त्या खुंटीचं नाव घेईन.

पण मी तो प्रकार घेतला नाही. एक तर असे सेट आता जुनेच मिळतात. शिवाय मी नोकरी करतो. बीकनचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि त्यातही रात्री दोन ते पहाट. विजांचा कडकडाट कमी, रात्र लांब. खुंटी फिरवायची तर जागं राहावं लागतं. मला असं काहीतरी हवं होतं जे 200 ते 530 चा अख्खा पट्टा रात्रभर डिस्कवर लिहून ठेवील आणि रविवारी दुपारी आमटी-भात झाल्यावर मी निवांत चाळीन. हे सुचलं तेव्हा मामांचा प्रश्न पहिल्यांदा नीट ऐकू आला. तुला ऐकायचंय काय? बीकन ऐकायचे असतील तर अरुंद फिल्टर आणि धीर. नॅव्हटेक्स ऐकायचं तर सूर न सरकणारा सेट आणि अक्षरं उलगडणारं सॉफ्टवेअर. पाणबुड्यांचं ऐकायचं तर...

पाणबुड्यांचं ऐकायला रेडिओच लागला नाही. हा सगळ्या प्रवासातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मजेचा भाग.

लॅपटॉपचं साउंड कार्ड सेकंदाला 48,000 नमुने घेतं, म्हणजे 24 किलोहर्ट्झपर्यंतचं काहीही त्याला कळतं. आपला कान 20 च्या आधीच थांबतो, पण कार्डाला त्याचं काय? हवेतली रेडिओलहर 18 किलोहर्ट्झची असेल आणि ती तारेत पकडून माइकच्या भोकात दिली, तर लॅपटॉप हाच रिसीव्हर. पीव्हीसी पाइपची मीटरभर बाजूची चौकट केली. त्यावर घरगुती वायरिंगची 90 मीटरची अख्खी गुंडाळी गुंडाळली, 22 फेरे. टोकं माइकच्या जॅकला. वर्णपट दाखवणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. लावलं, आणि पडदाभर 50 हर्ट्झची शिडी, पायरीवर पायरी, वरपर्यंत. बाकी काही नाही. चौकट फिरवली, बाल्कनीत नेली, शिडी थोडी हलली एवढंच.

मग गुरुवार आला. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते हे पुणेकरांना सांगायला नको. बायको वैतागते, मी त्या दिवशी सुट्टी टाकली होती. सव्वादहाला पंखा थांबला. लॅपटॉप बॅटरीवर, चौकट गच्चीवर. पडद्यावर बघता बघता शिडी कोसळली. कुणी खिडकी धुऊन काढावी तसा पडदा काळा झाला, आणि 18.2 वर एक जाड, सरळ, ठाम रेघ उभी राहिली.

तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम इथे नौदलाचं आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र आहे, 1990 पासूनचं. तिथून पाणबुड्यांसाठी जे जातं ते या वारंवारतेवर, व्हीटीएक्स या खुणेने जगभरच्या ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे. निरोप अर्थातच सांकेतिक. मला दिसते ती फक्त रेघ, ऐकली तर नुसती खरखर. इतकं खाली का जायचं? कारण वरच्या लहरी समुद्राच्या पाण्यात शिरतच नाहीत, या काही मीटर शिरतात. 18.2 किलोहर्ट्झची एक लहर साडेसोळा किलोमीटर लांब. पुणे स्टेशनवर सुरू झाली तर चिंचवडच्या आसपास संपेल. आणि ती मी बाराशे किलोमीटरवरून मीटरभराच्या पाइपात पकडली होती.

तिच्याशेजारी 19.8 वर एक फिकट रेघ होती. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला एक्समाउथचं एनडब्ल्यूसी, सहा हजार किलोमीटरच्या पलीकडे. चौकट आग्नेयेकडे कड करून धरली की उजळायची, आडवी केली की विझायची. असा मी गच्चीवर पाइपाची चौकट घेऊन गोल फिरत होतो. समोरच्या इमारतीतले आजोबा बघत होते. त्यांनी काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही.

दीड वाजता पंखा सुरू झाला आणि शिडी परत आली.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची. तिथली माणसंही स्वतःला लो फ्रिक्वेन्सीवाले म्हणवतात, पण त्यांची लो म्हणजे 150 मेगाहर्ट्झ. माझ्या पाइपाच्या चौकटीपेक्षा आठ हजार पट वर. कुणाचं खाली कुठे, हे ज्याच्या त्याच्या अँटेनावर.

शेवटी 2021 मध्ये एसडीआरप्लेचा आरएसपीडीएक्स घेतला. 1 किलोहर्ट्झपासून सुरुवात, 14 बिटचा, आणि 2 मेगाहर्ट्झच्या खाली वापरायची एक खास सोय त्यात आहे. पण मला पटलं ते वेगळ्या कारणासाठी. मीडियम वेव्ह दाबणारा फिल्टर त्याच्या आतच आहे. दाराशी उभा राहणारा तोच. बिस्किटाचा डबाही पुढे ठेवलाच, सवयीने. बाहेरून मागवलेलं पार्सल वाटेत तीन आठवडे अडकलं, ड्युटी भरली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मिनी-व्हिप एका तरुण हॅमला दिला. तो खडकवासल्याच्या पुढे राहतो, आजूबाजूला शेत आहे, तिथे तो उत्तम चालतो. म्हणजे दोष त्याचा नव्हताच. उंच, मोकळ्या जागेवर ठेवायची वस्तू मी बाल्कनीच्या ग्रिलला बांधली होती, सगळ्या सोसायटीच्या वायरिंगच्या कुशीत. फ्लॅटमध्ये लूप, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचा अँटेनाच बरा. तो नको ती दिशा पाठीमागे टाकू देतो.

एक गोष्ट अनुभवाने कळली ती सांगून ठेवतो. नवा सेट लॅपटॉपच्या चार्जरवर चालवला तर पैसे पाण्यात. यूएसबीच्या तारेवरून चार्जरचा कचरा सरळ अँटेनाच्या शेंड्यापर्यंत चढतो. यूएसबीच्या तारेला दोन्ही टोकांशी फेराइटची कडी, आणि अँटेनाची वायर एका छोट्या एकास-एक ट्रान्सफॉर्मरमधून आत, म्हणजे तारेचं कवच दोन्हीकडे तुटतं. या दोन गोष्टींना दोन-तीनशे रुपये लागले आणि फरक सेट बदलल्याइतका पडला.

18.2 वाली चौकट मात्र तशीच आहे, साउंड कार्डावरच. ती मी आता गच्चीच्या कोपऱ्यात कायमची ठेवली आहे आणि त्या एका रेघेची ताकद दिवसभर नोंदवतो. सूर्यावर मोठा भडका उडाला की आयनांबराचा, म्हणजे आकाशात उंचावरच्या विद्युतभारित हवेचा, खालचा थर बदलतो आणि रेघेची ताकद बदलते. 10 मे 2024 ला अक्षय्य तृतीया होती. आमरस-पुरी चालली होती. दुपारी साडेबाराच्या जरा आधी आलेख ताडकन वर चढला आणि तासाभराने उतरत उतरत जागेवर आला. संध्याकाळी बघितलं तर त्याच वेळी सूर्यावर एक्स3.9 चा, म्हणजे सर्वांत तीव्र वर्गातला, भडका नोंदला गेला होता. पीव्हीसी पाइप आणि वायरची गुंडाळी. आंब्याचा हात पुसून मी तो आलेख परत परत बघत होतो.

त्याच वर्षी तुळशीच्या लग्नाच्या सुमारास सगळा सरंजाम घेऊन नागावला गेलो. मामा तेव्हा 79 वर्षांचे होते. मी म्हटलं, पुण्यात फार कचरा आहे, म्हणून इथे आणलं. मामा म्हणाले, "नवीन नाही ते. अलिबागच्या वेधशाळेचंही तसंच झालं." खरंच आहे. कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं 1841 पासून चालायची. मुंबईत विजेची ट्राम येणार म्हटल्यावर ती बिघडणार हे दिसलं, आणि 1904 पासून ती अलिबागला सुरू झाली. मुंबईच्या विजेपासून पळून अलिबागला येण्याची रीत शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे तर.

वाडीत विहिरीच्या पलीकडे, पोफळींच्या मध्ये बाज टाकली. चौकट एका नारळाला टेकवली. अंधार पडल्यावर साउंड कार्डाचा आवाज तसाच, काहीही न करता, हेडफोनमध्ये सोडला. आधी नुसतं तडतड, तव्यावर मोहरी टाकावी तसं. हजारो किलोमीटरवर कुठे तरी पडणाऱ्या विजा. मग सात-साडेसातनंतर त्यातल्या काही तडतडींना शेपूट फुटलं. टिवं. टिवं. पाण्यात खडा पडल्यासारखं. रात्री जमीन आणि आकाशातला तो थर यांच्या पोकळीत विजेची रेडिओलहर आपटत आपटत लांबून येते, आणि साधारण 1.7 किलोहर्ट्झच्या खाली जाऊ शकत नाही, म्हणून शेवटी अशी ओढली जाते. पुण्यात हे मला एकदाही ऐकू आलेलं नव्हतं. मामांना हेडफोन दिला. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "बोटीवर ऐकलंय हे. नाव माहीत नव्हतं."

जेवणानंतर आरएसपीडीएक्स लावला. लूप बदलला. तीनशेच्या पट्ट्यात एकाखाली एक बीकन. मी लॅपटॉपवर मोर्स उलगडायला लावणार तोवर मामा डोळे मिटून अक्षरं सांगायला लागले. एक, दुसरं, तिसरं. एक बीकन मला दिसतही नव्हता, वॉटरफॉलवर रेघ नव्हती, त्याचीही दोन अक्षरं त्यांनी सांगितली. मी नाही म्हटलं. मग फिल्टर आणखी अरुंद केला आणि ती निघाली.

सव्वादहा व्हायला आले तसे म्हणाले, "500 ला ने जरा."

नेलं. तिथे काही नव्हतं. मऊ, एकसारखी खरखर. मामा ओटीवरच्या घड्याळाकडे तोंड करून बसले होते, इतक्या लांबून काटा त्यांना दिसत नसणार. मी बोलायला गेलो तर त्यांनी हात वर केला. वाडीत रातकिडे होते. विहिरीचा पंप बंद होता. बऱ्याच वेळाने हात खाली आला. मी मोबाइल बघितला, 10 वाजून 18 मिनिटं.

"सवय," ते म्हणाले. "चल, तुझं ते नॅव्हटेक्स लाव. साडेदहाला मुंबई येईल."

मुंबईचं अक्षर जी, आणि जीची पाळी दर चार तासांनी, भारतीय वेळेप्रमाणे रात्री साडेदहाला. 518 वर ठरलेल्या वेळी ती चिरकी शिट्टी सुरू झाली आणि पडद्यावर अक्षरं पडू लागली: झेड सी झेड सी, मग जी, मग इशाऱ्याचा क्रमांक. मामांनी चष्मा लावला. नॅव्हटेक्समध्ये प्रत्येक अक्षर थोड्या अंतराने दोनदा पाठवतात, एखादी वीज कडाडली तरी एक तरी हाती लागावं म्हणून. ओळ न ओळ स्वच्छ येत होती. मी मनात म्हटलं, एवढ्या खर्चात एवढी तरी ओळ...

तेवढ्यात मामी मागीलदारी आल्या, हातात डास मारायची रॅकेट. बटण दाबून धरलं आणि अख्खा वॉटरफॉल पांढरा झाला.

"मामी! ते बटण सोडा!"

"अरे, चावतायत मेले," मामी म्हणाल्या आणि आणखी एक मारला.

पडद्यावर खवळलेल्या समुद्राच्या इशाऱ्यात दोन शब्दांच्या जागी तारका उमटल्या होत्या. मामांनी वाकून वाचलं, चष्मा काढला आणि हाताने पुसला. "वाऱ्याचा वेग गेला," ते म्हणाले. "डास किती गेले?"